वऱ्हाडांतून बेटांकडे

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें गांव अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या सडकेवर आहे. भोंवतीं काळी जमीन, आणि त्या जमिनींत कापूस, तूर व सोयाबीन. उन्हाळ्यांत विहिरी तळाला जातात, आणि मृगाच्या सुमारास साऱ्या गांवाचे डोळे ढगांकडे लागतात. अशा गांवच्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, नाला किंवा फार तर एखाद्या धरणाचा जलाशय. ज्याचा पलीकडचा कांठ दिसत नाहीं असें पाणी त्यानें बहुधा चित्रांतच पाहिलेलें असतें.

अशा गांवचें एक कुटुंब श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. घरचे कर्ते गृहस्थ शाळेंत शिक्षक. शिवाय वडिलार्जित कोरडवाहू शेती आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. घरांत गृहिणी, वृद्ध आजी, नववींत शिकणारी मुलगी आणि चौथींत शिकणारा मुलगा. मुलाला प्राण्यांचें मोठें वेड. नाताळच्या सुटींत या कुटुंबानें कोंकणच्या किनाऱ्यावर तीन दिवस होडींतून हिंडून समुद्रांतले प्राणी व बेटें पाहावयाचें ठरविलें. सगळे निघाले, परंतु धाकटा भाऊ मागें राहिला. शेतांत तूर उभी होती, हरभरा वाढत होता आणि रात्रीं रानडुकरांचे व रोह्यांचे कळप पिकांत शिरत होते. कोणीतरी जागल करणें भाग होतें. माचावर बसून, शेकोटी पेटवून, डबा बडवून रात्र काढणें हें जागल करणाऱ्याचें काम. म्हणजे एकाच घरांतलीं माणसें. कांहीं जनावरें पाहावयाला निघालीं, आणि एक जनावरें हांकलावयाला मागें राहिला.

नेरहून बडनेऱ्यापर्यंत मोटार, बडनेऱ्याहून मुंबईपर्यंत आगगाडी, आणि मुंबईहून कोंकण रेल्वेनें कुडाळ, असा हा प्रवास आहे. कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजीं. आतां दोन रात्रींत वऱ्हाडांतलें कुटुंब मालवणच्या वाळूवर उभें राहूं शकतें. मात्र या वाटेनें अंतर हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. एकाच राज्याचीं हीं दोन टोकें. भाषा एक, पण बोली वेगळी, अन्न वेगळें, पाऊस वेगळा.

मालवणचें नांव निघालें कीं सिंधुदुर्ग आठवतो. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं कुरटें नांवाच्या खडकाळ बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. परंतु त्याच किल्ल्याच्या तटाखालीं, पाण्यांत, दुसरेंहि एक राज्य आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. प्रवाळ, समुद्री शेवाळ, नाना जातींचे मासे व शिंपले यांच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं त्याला कसून विरोध केला. ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पोट भरलें, तें पाणी आतां माशांसाठीं राखून ठेवलें, तर माणसांनीं जावें कोठें, हा त्यांचा प्रश्न होता. यवतमाळ जिल्ह्यांतल्या माणसाला हा प्रश्न परका नाहीं. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वर अभयारण्य हें सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें रान आहे. भोंवतीं सगळी शेती. शेतांच्या त्या समुद्रांत टिपेश्वर हेंहि एक बेटच म्हणावयाचें. त्या बेटावरला एक तरुण वाघ २०१९ सालीं बाहेर पडला आणि गळ्यांत बांधलेल्या यंत्रपट्ट्याच्या साह्यानें त्याचा माग ठेवला गेला. नव्या जागेच्या शोधांत शेतें, नाले, रस्ते आणि गांवें ओलांडीत तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोंचला. त्याची एकूण भटकंती ३००० किलोमीटरांवर गेली. बेटावर जन्मलेल्या प्राण्याला बेट पुरत नाहीं, आणि बेटाबाहेर त्याला जागा नाहीं, हें त्या वाघानें सगळ्यांना दाखविलें.

सफरीच्या पहिल्या दिवशीं सकाळीं कुटुंब देवबागच्या धक्क्यावर आलें. देवबाग ही वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. होडीवरचा तांडेल पन्नाशीचा होता. त्यानें प्रथम सर्वांना फुगीर जाकिटें घालावयास लाविलीं, आणि आजीला होडीच्या मध्यभागीं, जेथें हेलकावा कमी लागतो तेथें बसविलें. नदी ओलांडतांना पाण्यांत पैसा टाकावा ही आजीची आयुष्यभराची रीत. होडी कर्लीच्या मुखाशीं येतांच तिनें कनवटीचें एक नाणें काढलें, कपाळाला लाविलें आणि पाण्यांत सोडलें. पुढें पाहते तों नदी संपली होती, आणि समोर कांहींच नव्हतें, केवळ पाणी. आजीचा हात तसाच राहिला. मुलगा हंसला नाहीं. तोहि पाहतच राहिला होता.

मुलाच्या हातांत वही होती. तींत काय काय पाहावयाचें तें त्यानें घरींच लिहून आणिलें होतें: समुद्रगरुड, डॉल्फिन, कासव, आणि अखेरीस, जाड अक्षरांत, ‘बेटावर उतरणें’. हें शेवटचें वचन त्याला वडिलांनीं दिलें होतें.

यादींतलें पहिलें नांव लौकर खोडतां आलें. भोगव्याच्या बाजूला टेकडी उतरून समुद्राला भिडते. तेथें एका उंच झाडाच्या शेंड्याशीं काटक्यांचा मोठा भारा दिसला. तांडेलानें बोट दाखविलें, आणि त्या भाऱ्याजवळून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड उठून पंख न हलवितां होडीवरून गेला. पाण्यावरचा मासा किंवा समुद्रसाप पायांच्या नखांत उचलावयाचा, हें याचें काम. एकदां बांधलेलें घरटें तो वर्षानुवर्षें डागडुजी करून वापरतो. किनाऱ्यावरचें जुनें झाड तुटलें म्हणजे लांकडाबरोबर एका कुटुंबाचें वंशपरंपरागत घर जातें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पाण्यावर कुरव पक्ष्यांचे थवे बसले होते. त्यांतले कांहीं लडाख व तिबेटच्या बाजूच्या तळ्यांवरून हिंवाळ्यापुरते आलेले. नेरच्या कुटुंबाला आपलाच प्रवास लांबचा वाटत होता. तो अभिमान तेथल्या तेथें विरला.

नंतर डॉल्फिनांचा प्रसंग आला. थोड्या अंतरावर पाणी फुटलें, एक करडी पाठ वर आली आणि बुडाली. लगेच तिघां-चौघां होड्यांनीं तिकडे तोंड फिरविलें. यंत्रांचा एकच गोंगाट झाला. मुलगा उठून उभा राहिला आणि ओरडला, “काका, चला ना! ते जातील!”

तांडेलानें उलट यंत्रच बंद केलें. “धावान उपयोग नाय,” तो म्हणाला. “इंजीन बंद केल्यार येतले.”

मुलाला तें पटलें नाहीं. दुसऱ्या होड्यांतलीं माणसें हात वर करून ओरडत होतीं. त्यांना कांहीं तरी दिसत होतें, आणि आपल्याला नुसता हेलकावा. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. मुलगी गप्प बसून पाण्याकडे पाहत होती. गृहिणीला मळमळूं लागलें होतें. दुसऱ्या होड्या पाठलाग करीत दूर गेल्या आणि पाण्यावर शांतता पसरली. तेव्हां होडीपासून वीस-पंचवीस हातांवर ‘फुस्स’ असा आवाज झाला. एखाद्या गाईनें गव्हाणींत नाक फुरफुरवावें तसा. आजीनें चमकून मान वळविली. एक पाठ वर आली, तिच्यावर मध्यभागीं लहानसें वशिंड आणि त्यावर कल्ला. तिच्या कुशीला लागून दुसरी लहान पाठ. आई आणि पिलूं.

हा मासा नव्हे, हें मुलीला पुस्तकावरून ठाऊक होतें. पण तो श्वास कानांनीं ऐकल्यावर तें खरें वाटलें. डॉल्फिनाला फुफ्फुसें आहेत. तो पिलाला दूध पाजतो, आणि हवेसाठीं त्याला वारंवार वर यावेंच लागतें. वशिंडाचा हा डॉल्फिन खोल समुद्रांत जात नाहीं. किनाऱ्याजवळचें उथळ पाणी आणि खाड्यांचीं मुखें हेंच त्याचें रान. तेथेंच माणसाचीं जाळीं, माणसाच्या होड्या आणि माणसाची घाण. गढूळ पाण्यांत डोळ्यांचा उपयोग थोडा. तो आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य ओळखतो. होड्यांच्या यंत्रांनीं पाणी दणाणलें म्हणजे त्याच्या दृष्टीनें अंधारच पडला. ही जाति आज जगांत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला वाघाच्या पंक्तीला बसविलें आहे.

आई आणि पिलूं होडीला वळसा घालून गेलीं. कोणी बोललें नाहीं. मग गृहस्थांनीं तांडेलाला विचारलें, “भाऊ, तुम्ही यांना रोज पाहतां. तुमचें यांच्यावर प्रेम असेल.”

तांडेल थोडा हंसला. तो म्हणाला कीं पर्यटक येऊं लागल्यापासून डॉल्फिनाच्या नांवानें चार पैसे मिळतात हें खरें. पण रात्रीं तो मासेमारीला जातो तेव्हां हेच प्राणी जाळ्यांतले मासे ओढून खातात आणि जाळें फाडतात. एक जाळें फाटलें कीं मोठें नुकसान. पूर्वीं जाळ्यांत कासव सांपडलें तर तें सोडवावयाला जाळें कापण्याची हिंमत होत नसे. २०१८ सालापासून संरक्षित प्राण्याला सोडविण्यासाठीं जाळें कापलें तर सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतें. त्यासाठीं छायाचित्र काढावें लागतें, अर्ज करावा लागतो. पण डॉल्फिनानें जें रोज थोडें थोडें फाडलें, तें आपलें आपण शिवावयाचें.

गृहस्थांना तें ओळखीचें वाटलें. त्यांनींहि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे पाहिले होते. अर्ज, सात-बाराचा उतारा, पाहणीला येणारा माणूस, आणि तोंवर रानडुकरांनीं उकरलेलें शेत. त्यांनीं तांडेलाला जागलीची हकीकत सांगितली. माचावर बसलेल्या भावाबद्दल सांगितलें. तांडेलानें ती लक्षपूर्वक ऐकिली आणि म्हणाला, “तुमचो डुकर नि आमचो डॉल्फिन, दोगय सारकेच, गुरुजी.”

आजी इतका वेळ ऐकत होती. ती आपल्या वऱ्हाडी बोलींत म्हणाली, “एवढ्या दूर जनावर पाहाले आलो, अन् घरचं जनावर रातभर हाकलतो आपन!”

सगळे हंसले, पण त्या दिवसाचा खरा प्रश्न आजीनें त्या एका वाक्यांत मांडला होता. दुरून येणारा पाहतो आणि जातो. जवळचा राहतो आणि सोसतो. वाघ पाहावयास टिपेश्वरला मोटारी येतात त्या दूरच्या शहरांतून. त्यांच्या दृष्टीनें वाघ म्हणजे एका सकाळचा आनंद. अंधारांत शेताला पाणी द्यावयाला निघालेल्या माणसाच्या दृष्टीनें वाघ म्हणजे दुसरेंच कांहीं. नेरचें कुटुंब घरीं त्या दुसऱ्या माणसाच्या जागीं असतें, आणि आज या होडींत पहिल्याच्या जागीं बसलें होतें.

निवतीच्या किल्ल्याची टेकडी डावीकडे मागें टाकून होडी आंत समुद्रांत वळली. तासाभरानें क्षितिजावर खडकांचे सुळके दिसूं लागले, आणि त्यांतल्या एकावर दीपगृहाचा मनोरा. हेच वेंगुर्ल्याचे खडक. इंग्रज दर्यावर्दी यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकीं बेटें, म्हणत. गोड्या पाण्याचा आधार नाहीं, पिकाऊ माती नाहीं, लाटांनीं चारी बाजूंनीं झोडपलेले उघडे कातळ. १८७५ सालीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे लखदीव बेटांकडे व पश्चिम किनाऱ्यावरील बेटांकडे पक्षी पाहण्याच्या सफरीवर निघाले असतां येथल्या पक्ष्यांचाहि त्यांनीं अभ्यास केला. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत ज्यांचें नांव घेतलें जातें तेच हे ह्यूम. सभा स्थापन होण्यास तेव्हां अजून दहा वर्षें होतीं.

बेट जवळ आलें तसा मुलगा चपला काढून तयार झाला. तांडेलानें होडीचा वेग कमी केला, आणि बेटापासून बऱ्याच अंतरावरच तिला फिरविलें.

“उतरावयाचें नाहीं का?” गृहस्थांनीं विचारलें. “मुलाला मी शब्द दिला आहे.”

तांडेलानें मानेनेंच नकार दिला. लाट कातळावर आपटते, होडी लावणें धोक्याचें, हें एक कारण त्यानें सांगितलें. मग जरा थांबून दुसरें सांगितलें. या खडकांत अंधाऱ्या गुहा आहेत, आणि त्या गुहांत पाकोळ्या राहतात. माणसें आंत शिरलीं कीं त्यांचा थवा बिथरतो. पिलांच्या दिवसांत पिलें खालीं पडतात.

पाकोळी नेरच्या मुलांना नवी नव्हती. जुन्या देवळांच्या कमानींतून संध्याकाळीं चिरचिरत फिरणारे पक्षी त्यांनीं पाहिले होते. पण या बेटांवरची पाकोळी निराळी. ती मिट्ट काळोखांत टक-टक असा आवाज करीत उडते आणि प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेते. मघांचा डॉल्फिन जी विद्या पाण्यांत वापरतो तीच ही हवेंत वापरते. घरटें ती आपल्या लाळेनें बांधते. शेवाळ, पिसें, काड्या त्या लाळेंत चिकटवून गुहेच्या भिंतीवर लहानशी अर्धी वाटी तयार होते. नर-मादीच्या कित्येक दिवसांच्या श्रमांचें तें फळ. चीनमध्यें पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांचें सार मोठ्या चवीनें खातात, आणि त्या मागणीपायीं एकोणिसाव्या शतकांतहि या किनाऱ्यावरून घरटीं गोळा केलीं जात. पुढें कायदा झाला तरी चोरून काढणें थांबलें नाहीं. घरटें ओरबाडलें कीं आंतलें अंडें फुटतें, पिलूं मरतें. पक्षी पुन्हां लाळ गाळून नवें घरटें बांधूं लागतो आणि थकून जातो. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं हा व्यापार उघडकीस आणला, चोरांना पकडून देण्यास साह्य केलें आणि या गुहांवर लक्ष ठेविलें. कोंकणांतल्या वेळास गांवीं समुद्रकासवांच्या अंड्यांचें रक्षण गांवकऱ्यांच्या हातांनीं करविणारी संस्था तीच.

मुलगा रुसला. त्यानें चपला पुन्हां पायांत घातल्या आणि बेटाकडे पाठ केली. वडिलांना वाईट वाटलें; दिलेला शब्द मोडला होता. क्षणभर त्यांच्या मनांत आलें कीं तांडेलाला थोडे अधिक पैसे देऊं केले तर? हात खिशापर्यंत गेलाहि असेल. पण मघां याच माणसानें यंत्र बंद केलें होतें म्हणून डॉल्फिन आपण होऊन जवळ आले होते, हें त्यांना आठवलें. त्यांनीं हात काढून घेतला.

तांडेलानें होडी बेटाभोंवतीं दुरून फिरविली. एका कपारीच्या तोंडाशीं काळे ठिपके आंत-बाहेर करतांना दिसले. प्रथम पांच-सात, मग पन्नास, मग मोजतां येईनात. मुलीनें भावाला हलकेच वळविलें. तो पाहूं लागला, आणि कांहीं वेळानें त्यानें विचारलें, “मग हें बेट कोणाचें?”

या प्रश्नाला होडींतल्या कोणीच उत्तर दिलें नाहीं. सरकारी दप्तरांत त्याचें उत्तर असेल. पण समोर जें दिसत होतें त्यावरून उत्तर उघड होतें. उजाड कातळ म्हणून माणसानें जें सोडलें, तेंच त्या पक्ष्यांच्या वांट्याला आलें होतें. तेवढ्यावरहि माणसाचें पाऊल पडलें, तर त्यांना उडून जावयाला पुढें केवळ समुद्र होता. टिपेश्वरच्या वाघाला निदान कापसाच्या शेतांतून चालतां तरी आलें.

दुपार कलली तशी होडी परतली. मुक्काम भोगव्याला होता. आजीला जमिनीवर पाय ठेवल्यावरहि जमीन हलते आहे असें वाटत होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलानें वही काढली. कासव त्या दिवशीं दिसलें नव्हतें, तें यादींत राहिलें. ‘बेटावर उतरणें’ या ओळीपुढें तो बराच वेळ पेन्सिल धरून बसला. शेवटीं त्यानें ती ओळ खोडली नाहीं. पुढें एवढेंच लिहिलें: ‘लांबून पाहिलें. पाकोळ्या आंत होत्या.’

इतक्यांत नेरहून भावाचा फोन आला. आदल्या रात्रीं रोही आले होते. तुरीच्या चार तासांचा चुराडा झाला. डबा वाजवून त्यांना हांकललें. आज पुन्हां माचावर जात आहे. गृहस्थांनीं दिवसाची हकीकत सांगावयाला तोंड उघडलें, आणि थांबले. थंडीची विचारपूस केली, घोंगडी जाड घे म्हणाले. “मी आलों कीं पुढचा आठवडा जागल माझ्याकडे,” असें सांगून त्यांनीं फोन ठेविला. बाहेर काळोखांत तांडेल वाळूवर बसून दिव्याच्या उजेडांत जाळें शिवीत होता.

सफरीचे अजून दोन दिवस बाकी होते. सिंधुदुर्ग पाहावयाचा होता. तटाच्या आंत, भोंवतीं खारा समुद्र असतांना गोडें पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आजीला दाखवावयाच्या होत्या. परंतु शिकावयाचें तें पहिल्या दिवशींच शिकून झालें होतें. वन्य प्राणी पाहावयास दूर जाणाऱ्या कुटुंबानें बरोबर दुर्बीण न्यावी, वही न्यावी. पण त्याहून अधिक गरजेची वस्तु म्हणजे धीर. यंत्र बंद करावें आणि वाट पाहावी. जेथें उतरूं नये तेथें लांबूनच नमस्कार करावा. आणि जो माणूस त्या प्राण्याशेजारीं राहून रोजचें नुकसान सोसतो, त्याचें जाळें व त्याचें शेत यांचीहि विचारपूस करावी. बेटावरचें जीवन टिकतें तें कायद्यानें खरेंच. पण त्या कायद्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हें पाहावयाला दुर्बीण लागत नाहीं. नेरच्या माचावर बसलेल्या माणसानें आणि भोगव्याच्या वाळूवर बसलेल्या माणसानें ती रात्र जागूनच काढली.